सेल्फी पॉइंटवरची कोपी

शिवगंगानं एखादी गोष्ट मनावर घेतली की घरातले तिन्ही पुरुष निमूटपणे बाजूला होत. नवरा उमाशंकर किराणा दुकानाच्या गल्ल्यामागं तोंड लपवी, मुलगा सोमेश पुण्याहून फोनवर ‘बरं, बरं’ म्हणत राही आणि सासरे मलप्पा, म्हणजे सगळ्यांचे अप्पा, अंगणातल्या बाजेवर कूस बदलत. एकदा कंडक्टरनं तिच्या कडक भाकरीच्या टोपल्या बसमध्ये घ्यायला नकार दिला, तर ही एक पाय पायरीवर आणि एक पाय जमिनीवर ठेवून उभीच राहिली. बस हलेना. शेवटी प्रवाशांनीच टोपल्या आत ओढून घेतल्या. लातुरातून उदगीरला, म्हणजे तिच्या माहेरगावी, तिच्या कडक भाकरी आणि शेंगाची चटणी अजून त्याच बसनं जाते.

या वर्षी तिनं मनावर घेतलेली गोष्ट साधी होती. येळवसच्या दिवशी अप्पांच्या पोटात अन्न गेलं पाहिजे.

येळवस म्हणजे मार्गशीर्ष अमावस्या. त्या दिवशी लातुरात शोधून माणूस सापडत नाही. दुकानं बंद, रस्ते मोकळे. सगळं गाव शेतात. कडब्याची कोपी, म्हणजे झोपडी, उभारायची, तिच्यात पूजा मांडायची आणि ओल्या दाण्यांची पातळ भज्जी, ताकातली आंबील, बाजरीचे उंडे, गव्हाची खीर असं पोटभर जेवायचं. ज्याला शेत नाही त्याला दहा शेतांची आवतणं असतात. रस्त्यानं जाणाऱ्याला हाक मारून बसवायचं, त्याची जात, गाव, नाव काही विचारायचं नाही.

अप्पांचं तर याच्याही पुढचं होतं. औशाकडच्या शेतात ते सकाळीच रस्त्यावर जाऊन उभे राहत. टेंपोवाला, बांगड्या विकणारी, पंक्चर झालेला मोटरसायकलवाला, कुणीतरी धरून आणत. तो परका माणूस जेवला की मगच अप्पा छातीवरचं इष्टलिंग डोळ्यांना लावून ताटावर बसत. वडिलांनी तसं केलं म्हणून त्यांनी केलं. चुकवलं कधी नाही.

दोन वर्षांपूर्वी शेत विकलं. कसायला कुणी उरलं नव्हतं आणि सोमेशला पुण्यात फ्लॅट घ्यायचा होता. सही अप्पांनीच केली. कुरकुर केली नाही. पण मागच्या येळवसला शिवगंगानं घरीच सगळा स्वयंपाक केला, तेव्हा अप्पा दारात जाऊन उभे राहिले. गल्लीत चिटपाखरू नव्हतं. परका माणूस येणार कुठून? शेजारच्यांच्या शेतात चला म्हटलं तर म्हणाले, “जन्मभर मी बोलिवलं. आता दुसऱ्याच्या कोपीत पाव्हणा होऊन बसू व्हय?” दुपार टळली, संध्याकाळ झाली, अप्पा उंबऱ्यावरच कोसळले. साखरेचं दुखणं, त्यात उपाशी पोट. दवाखान्यात शुद्धीवर आल्यावर पहिलं काय विचारलं, तर “भज्जी वाटली का कुणाला?”

म्हणून या वर्षी सोमेशनं येळवस जवळ आली तशी ‘जंबोविश्व’चं बुकिंग करून टाकलं. नांदेड रस्त्यावर माळरानात उभं केलेलं ते रिसॉर्ट. वेशीवर सोंडेतून पाणी उडवणारा सिमेंटचा हत्ती, आत घसरगुंड्यांचे तलाव, डायनासोर, आयफेल टॉवर. सोमेश म्हणाला, “आई, अप्पांना बदल होईल. घरात बसून तेच तेच आठवतं.” त्याच्या आवाजात फ्लॅटची टोचणी होती, ती शिवगंगाला ऐकू आली. तिनं मनात एवढाच हिशेब केला की तिथं माणसं तरी असतील. एखाद्या परक्याला अप्पांच्या हातानं जेवू घातलं की झालं.

दुपारी पोचल्यावर काउंटरवरच्या मुलीनं सगळ्यांच्या मनगटाला कागदी पट्टे बांधले. अप्पा पट्ट्याकडं बघत म्हणाले, “जनावराला टॅग मारून राहिलेत जणू.”

“अप्पा, हे असल्याशिवाय आत सोडत नाहीत,” पुण्याहून आलेला सोमेश म्हणाला.

“आन् रात्रीचं जेवण?” शिवगंगानं विचारलं.

मुलीनं हसून एक रंगीत कागद पुढं केला. पॅकेजमध्ये खोली, पाण्यातले खेळ आणि सकाळचा नाष्टा होता. जेवण वेगळं. आज रात्री खास ‘येळवस गाला डिनर’, डीजेसकट. माणशी जो आकडा छापला होता, त्यात शिवगंगाच्या घरची दिवाळी झाली असती.

“चौघांचं करू ना आई,” सोमेश म्हणाला, पण त्याचा चेहरा उतरला होता. हप्ते त्यालाही होते.

“थांब. मी बघते आधी.”

अप्पांनी घरून निघाल्यापासून बिनसाखरेच्या चहाशिवाय काही घेतलं नव्हतं. बिस्किट दिलं तर “भूक न्हाई” म्हणून परत केलं. घसरगुंडीच्या कडेला बाकावर बसून ते येणाऱ्याजाणाऱ्याकडं बघत होते. शिवगंगाला ती नजर ओळखीची होती. ऊन कलायला लागलं तसा त्यांचा हात थरथरायला लागला आणि ती उठली.

“अहो, तुम्ही अप्पांजवळ बसा. हलू नका. मी जेवणाचं बघून येते.”

“हाव,” उमाशंकर म्हणाला. तो जागचा न हलण्यात वाकबगार होता.

आधी ती मोठ्या हॉलमध्ये गेली. डीजेवाला आवाज तपासत होता. छातीत धाडधाड होत होतं. टेबलांवर चायनीज, पास्ता आणि एका कोपऱ्यात मडक्यात ‘रॉयल भज्जी’. पांढरा कोट घातलेल्या वाढप्याला तिनं विचारलं, “दादा, आम्ही एकाच माणसाचं ताट घेतलं आणि त्यातलं दुसऱ्या कुणाला दिलं तर?”

“शेअरिंग अलाऊड नाही, मॅडम. ज्याचा पट्टा त्याचं ताट.”

“म्हणजे पाव्हण्याला घास देता येत नाही?”

“दंड पडतो,” तो ओशाळून म्हणाला. “मी अहमदपूरचा आहे मॅडम. मला कळतंय तुमचं. पण इथं कॅमेरे आहेत.”

प्रश्न नुसता पैशाचा नव्हता, हे तिला तिथंच कळलं. ज्या ताटातला घास दुसऱ्याला देता येत नाही, त्या ताटावर अप्पा बसणार नाहीत. डीजेच्या दणक्यात तर नाहीच.

कॉफी शॉपमध्ये बर्गर आणि थंड सँडविच. ती वेशीबाहेर जाऊन आली. रस्त्यावरचे दोन्ही ढाबे बंद, खुर्च्या उलट्या टाकलेल्या. येळवसला कोण ढाबा उघडणार? परत येताना तिनं वाट बदलली. आयफेल टॉवरच्या मागून, ‘फक्त कर्मचाऱ्यांसाठी’ अशा पाटीखालून ती सरळ आत शिरली, कारण तिकडून फोडणीचा वास येत होता. लसणाचा, चिंचेचा. नाकानं खात्री दिल्यावर तिनं पाटीची फिकीर केली नाही.

पत्र्याच्या शेडमध्ये एक ठेंगणी, जाडजूड बाई भल्यामोठ्या पातेल्यात पळी फिरवत होती. डोक्याला ओढणी घट्ट बांधलेली.

“कोण? गेस्ट लोकांनी इकडं यायचं न्हाई ताई. साब चिल्लावतो.”

“भज्जी हाय ना ती?”

“भज्जीच. आज पोरांना दुसरं काय घालणार? सुटी न्हाई, शेत न्हाई, निदान तोंडाला चव तरी.” बाईनं पळी उचलून दाखवली. तुरीचे दाणे, हरभरा, वाल, सगळं पिवळ्या रश्शात लडबडलेलं. “मी मलिका. बिलोलीची. स्टाफची मेस माझ्याकडं हाय.”

शिवगंगानं मग सगळं सांगितलं. शेत विकलेलं, मागच्या वर्षीचा दवाखाना, अप्पांची रीत. लांबण न लावता सांगितलं आणि शेवटी म्हणाली, “पाच माणसांचं दे. आम्ही चौघं आन् एक परका. काय होतील ते घे.”

मलिकानं चूल बारीक केली. “येळवसचं कुणी विकतं का ताई? पण मी दिलं तर पोरांना कमी पडंल. मोजून केलंय. भाकऱ्या तर अजून थापायच्यात. पोरगी तापानं घरी हाय, माझा एकलीचा हात.”

“भाकऱ्या मी थापते.”

“तुम्ही? गेस्ट?”

“अगं, माझा धंदाच हाय तो.” शिवगंगानं मनगटावरचा पट्टा कोपरापर्यंत सरकवला आणि परात ओढली. पीठ मळताना तिनं विचारलं, “दोन मुठी बेसन आन् थोडं ताक घातलं तर पातेलं वाढंल का?”

“वाढंल की. चवीला बी बरं लागंल.”

तव्यावर भाकरी फुगली आणि मलिका हसली. “बाई, हात हाय की मशीन!” आधी थापलेल्या भाकऱ्या शिवगंगानं फडक्यात बांधल्या, डब्यात भज्जी घेतली आणि अप्पांना जेवू घालून उरलेल्या थापायला येते म्हणून बाहेर पडली. परका माणूस कोण, ते अजून ठरायचं होतं. त्या अहमदपूरच्या वाढप्याला हाताला धरून आणावं असं तिच्या डोक्यात होतं.

बाकावर उमाशंकर एकटाच बसला होता.

“अप्पा कुठायत?”

“इथंच होते. म्हणाले, पाय मोकळे करतो. मला तू हलू नको म्हणालीस ना.”

शिवगंगानं कपाळाला हात लावला. तेवढ्यात सोमेश धावत आला. “आई, लवकर चल. अप्पांनी घोटाळा केलाय.”

हिरवळीच्या मधोमध रिसॉर्टवाल्यांनी एक कोपी उभारली होती. कडब्याची, बेतशीर, दिव्यांच्या माळा लावलेली. आत चुन्यानं रंगवलेले, पांडव म्हणून पुजायचे पाच दगड, रिकामी मडकी, सजवलेला नांगर. बाहेर पाटी: ‘येळवसचा अस्सल अनुभव, सेल्फी पॉइंट’. लोकांनी आत वाकायचं, फोटो काढायचा आणि निघायचं.

अप्पांना पाटीशी काय देणंघेणं? त्यांनी कोपी बघितली आणि आज येळवस. कोपी आहे म्हणजे जेवण आहे. आत कुणी मालक दिसला नाही, म्हणजे तो पाणी आणायला गेला असेल, तोवर पाव्हण्यांना बसवणं आपलं काम. धोतर सावरून, फेटा नीट करून ते दाराशी उभे राहिले होते आणि हात जोडून हाका मारत होते, “या, या. बर्री, ऊटा माडरी. जेवल्याबिगर जायचं न्हाई!” कन्नड आणि मराठी एकदमच येत होतं त्यांच्या तोंडून, खुशीत असले की तसं यायचं. शिवगंगानं ते दोन वर्षं ऐकलं नव्हतं.

आणि लोक बसले होते! हिरवळीवर चांगली लांब पंगत. फेट्यातला म्हातारा कोपीतून बोलावतोय म्हटल्यावर पाट्याबिट्या वाचण्याच्या भानगडीत कुणी पडलं नव्हतं. नांदेडचं एक कुटुंब, किल्लारीची दोन जोडपी, ओल्या चड्ड्यांवर टॉवेल गुंडाळलेली पोरं. सगळे मांडी घालून वाट बघत होते. एक बाई म्हणत होती, “गाला डिनरपेक्षा हे बरं बाई, फुकटातय की.”

अप्पांनी सुनेला बघितलं. “आलीस? वाढ की. मालक कुठं गेला कुणास ठाऊक, रिकामी मडकी ठिवून.” जवळ आल्यावर आवाज खाली आणला. “मी बोलिवलंय त्यांना, शिवगंगा.”

शिवगंगाच्या हातात पाच जणांचं जेवण होतं आणि समोर पंगत. ही माणसं उपाशी उठली, तर अप्पा आज जेवणार नाहीत. आज काय, कदाचित पुढंही.

“सोमेश, ह्या भाकऱ्या मोडून एकेक चतकोर वाढत राहा. सावकाश. एकेकाला नाव-गाव विचार, पाणी दे, वेळ काढ. अहो, तुम्ही पत्रावळ्या बघा. हॉलमध्ये तो अहमदपूरचा मुलगा आहे, त्याला म्हणावं कागदी ताटं दे, येळवसय.”

“तो देईल का?” उमाशंकर म्हणाला.

“दिल्याशिवाय परत येऊ नका.”

ती निघाली, तेवढ्यात टाय लावलेला मॅनेजर तरातरा आला. छातीवर नाव होतं आनंदराज. “बाबा, उठा बघू. ही डेकोरेशनची जागा आहे. इथं खायला परवानगी नाही. तुम्ही सगळे पण उठा!”

“कामून उठायचं?” किल्लारीचा एक जण बसल्या जागेवरून म्हणाला. “आजोबांनी बोलिवलंय.”

“तुमचे कोण ते?”

“येळवसला कुणाचं कोण असतंय व्हय? तुमी बी बसा.”

पंगत हसली. आनंदराज लाल झाला. शिवगंगा त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली, बसच्या पायरीवर राहिली होती तशीच.

“साहेब, पाटीवर काय लिहिलंय तुम्ही? अस्सल अनुभव. हे आमचे सासरे तुम्हाला फुकट देऊन राहिलेत तो. लोक फोटो काढायलेत बघा.” खरंच, पंगतीच्या कडेनं मोबाईल वर झाले होते. “आता उठवलंत तर तोही फोटो निघंल. येळवसला पानावरून उठवलं म्हणून.”

“मॅडम, हॉलमधले गेस्ट इकडं आले तर मला मालकाला उत्तर द्यावं लागेल.”

“घास पोटात जाईपर्यंतच. जागा मी स्वतः झाडून देते. आन् तुमचं गाव कुठलं?”

“भोकर.” त्यानं नकळत उत्तर दिलं.

“घरच्यांनी आज शेतात तुमची वाट बघितली असंल.”

आनंदराजनं टाय सैल केला. “डीजेचं पहिलं सेशन संपेपर्यंत. मग मी इथले लाइट बंद करणार.” तो निघून गेला, मात्र लांब जाऊन डायनासोरखाली उभा राहिला.

शिवगंगा पळतच मेसला गेली आणि पातेल्यात आणखी बेसन-ताक ढवळून तिनं उकळी आणली. “मलिका, पातेलं उचल.”

“अल्ला! आन् माझी पोरं?”

“पोरांना तिकडंच बोलाव. पंगतीत बसव. भाकऱ्या कमी पडल्या तर मी इथं थापत राहते, सोमेश नेत राहील.”

मलिका क्षणभर घुटमळली. पातेल्याकडं नाही, शिवगंगाकडं बघत होती. “ताई, एक बोलू? अप्पा माझ्या हातचं खातील? जंगम-लिंगायतांच्या घरात मी कामं केल्यात. मला ठावं हाय.”

शिवगंगालाही ठावं होतं. अप्पांनी उभ्या आयुष्यात कितीतरी परक्यांना वाढलं होतं, पण परक्याच्या चुलीवरचं खाल्लेलं तिला आठवत नव्हतं. घटकाभर वाटलं, सांगूच नये. मी केलं म्हणावं. भाकऱ्या तर तिच्याच होत्या.

“मी खोटं सांगणार नाही,” ती म्हणाली. “बघू काय करतात.”

शिवगंगानं घाईनं आणखी भाकऱ्या थापून सोमेशसोबत पुढं धाडल्या आणि दोन्ही कड्यांना धरून दोघींनी पातेलं हिरवळीवर आणलं. मेसमधली आंबीलही कळशीत घालून आणली. उमाशंकर खरोखर ताटं घेऊन आला होता, सोबत तो अहमदपूरचा वाढपीही, पांढरा कोट काढून. मेसची पोरं लाजत लाजत येऊन बसली, झाडूवाला, पंपवाला, पाण्यात उतरणारे लाल टीशर्टवाले. वाढायला सुरुवात झाली तशी पंगत गप्प झाली. नुसता भुरक्यांचा आवाज. अप्पा पंगतीतून फिरत होते. “घ्या, घ्या. लाजू नका. उंडे असते तर बहार होती. भाकरी घ्या.” नांदेडच्या बाईनं तिसऱ्यांदा भज्जी मागितली तेव्हा ते एवढे खूश झाले की तिच्या ताटात भाकरीही टाकली.

सगळे जेवले. शिवगंगानं अप्पांचं ताट वाढलं आणि कोपीत, पाच दगडांसमोर ठेवलं.

अप्पा बसले. छातीवरच्या लिंगावर हात ठेवला. मग मान वर केली. “भाकरी तुझी हाय, वळखली मी. भज्जी कुणाची?”

“मेसवाल्या मलिकाची. बिलोलीची आहे.”

अप्पांनी भज्जीकडं निरखून बघितलं. उमाशंकरनं मान दुसरीकडं वळवली. सोमेश काहीतरी बोलायला गेला, त्याला शिवगंगानं नजरेनंच थांबवलं. बोलून पटवण्यातली ही गोष्ट नव्हती. मलिका पातेल्याआड उभी होती, ओढणीचं टोक मुठीत धरून.

“बाई,” अप्पांनी विचारलं, “मेसात मटण शिजतंय का?”

“न्हाई अप्पा. कंपनीचा नियम हाय. रविवारी अंडी असतात.”

“अंड्याचं पातेलं?”

“येगळं हाय. जर्मनचं, लहान. हे त्यातलं न्हाई.”

अप्पांनी पुन्हा विचार केला. हॉलमधला डीजे थांबला होता. शिवगंगाचं लक्ष फक्त त्यांच्या हाताकडं.

“तू जेवलीस का?” अप्पा म्हणाले.

“मी वाढणारी. मागून खाईन.”

“समद्यांना घालून तूच उपाशी? मग कोपीत पाव्हणा राहिला की जेवायचा. मला कसं जेवता येईल?” त्यांनी आपलं ताट अंगठ्यानं पुढं सरकवलं. “बस हितं. आधी तू खा.”

“अय्यो अप्पा, तुमच्या ताटात?”

“तिला दुसरं वाढ गं शिवगंगा. तुमाला बी कळंना काय करावं.”

मलिका कोपीच्या दाराशी टेकली. पहिला घास तिनं घाईघाईनं गिळला. अप्पा बघत होते. तिनं दुसरा घेतला, तिसरा घेतला, तेव्हा कुठं त्यांनी लिंग डोळ्यांना लावलं, भाकरी मोडली, भज्जीत बुडवली आणि तोंडात घातली.

अप्पा चावत राहिले. मग म्हणाले, “बेसन पडलंय जास्ती.”

“ते तुमच्या सुनंनं घातलं,” मलिका लगेच म्हणाली.

“तरीच!”

“मग काय अप्पा, पंगत बोलावताना मला विचारलं होतं का?” शिवगंगा म्हणाली.

अप्पा हसायला लागले. हसताहसता त्यांनी ताट पुढं केलं. “वाढ अजून. आंबील बी दे.”

तिनं वाटीभर आंबील दिली, ती त्यांनी एका दमात संपवली. ताट त्यांनी चाटूनपुसून साफ केलं. तिकडं आनंदराजनं लाइटच्या बटणाशी जाऊन इकडं बघितलं, कोपीत म्हातारा अजून जेवतोय हे पाहिलं आणि बटण न दाबता दुसरीकडं निघून गेला.

मग शिवगंगानं पातेलं तिरकं केलं. तळाशी दोन पळ्या उरल्या होत्या. तिनं त्या उरलेल्या चतकोर भाकरीवर घेतल्या आणि मलिकाच्या शेजारी, कडब्याला पाठ टेकून, पहिला घास घेतला. बेसन खरंच जास्त झालं होतं.